चौकटीची प्रतीक्षा : ॲनिमेशनसाठी संगणक निवडण्याचा शंभर वर्षांचा इतिहास

ठाण्याहून बाळकुम मागे टाकून खाडीवरचा पूल ओलांडला की भिवंडी तालुक्यातील पहिले गाव लागते ते कशेळी. (राजापूरजवळचे, कनकादित्याच्या मंदिरासाठी प्रसिद्ध असलेले कशेळी ते वेगळे.) रस्त्याच्या दुतर्फा गोदामे सुरू होतात आणि काल्हेर, पूर्णा, दापोडे, मानकोली असा तो पट्टा पुढे पसरत जातो. मुंबई महानगरात घरपोच येणाऱ्या असंख्य खोक्यांचा एक मुक्काम याच पट्ट्यात असतो. कपडे, भांडी, औषधे, आणि त्यांच्यातच कुठेतरी ग्राफिक्स कार्ड, रॅमच्या पट्ट्या, प्रोसेसर.

त्या खोक्यांपैकी कोणते मागवावे, हा प्रश्न आज मोशन ग्राफिक्स वा ॲनिमेशन शिकणाऱ्या प्रत्येक तरुणाला पडतो. गाभे किती असावेत, रॅम किती, कार्डाची स्मृती किती? बहुतेक वेळा उत्तर म्हणून एक यादी मिळते आणि ती यादी सहा महिन्यांत शिळी होते. प्रश्नाचा इतिहास मात्र शिळा झालेला नाही. तो पाहिला तर प्रत्येक काळात एकाच गोष्टीचे पैसे मोजले गेलेले दिसतात. ती गोष्ट म्हणजे प्रतीक्षा. चित्र हलते आहे की नाही हे कळण्यासाठी कलावंताने किती थांबायचे, आणि पूर्ण झालेले काम हाती येण्यासाठी किती थांबायचे? या दोन प्रतीक्षा वेगवेगळ्या आहेत, आणि त्यांची गल्लत ज्यांनी केली त्यांचे पैसे वाया गेले.

या इतिहासाचा एक धागा भिवंडीतच सापडतो. भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. तेथील बहुतेक माग साधे ग्रे कापड विणतात. नक्षी हवी असेल तर मागावर डॉबी किंवा जॅकार्ड बसवावे लागते. जोसेफ मारी जॅकार्ड या फ्रेंच कारागिराने १८०४ च्या सुमारास जी योजना सिद्ध केली तिचे तत्त्व सोपे होते. पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोके पाडायची. भोक असेल तेथे उभा धागा उचलला जाईल, नसेल तेथे खाली राहील. आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेरीला एक पत्ता. म्हणजे हजार फेऱ्यांची नक्षी असेल तर हजार पत्ते. १८३९ मध्ये लियाँ येथे जॅकार्डचेच एक रेशमी व्यक्तिचित्र विणले गेले. त्याला सुमारे २४,००० पत्ते लागले. चार्ल्स बॅबेजने त्याची एक प्रत मिळवून आपल्या दिवाणखान्यात ठेवली होती, आणि आपल्या विश्लेषक यंत्रासाठी पत्त्यांची कल्पना त्याने या मागावरूनच घेतली.

चित्राचे तुकडे करणे, प्रत्येक तुकड्याला एक आज्ञा देणे आणि यंत्राने त्या आज्ञा ओळीने पाळणे, हे आजच्या संगणकावरील ॲनिमेशनचेही सूत्र आहे. पत्ते पाडण्याचे काम मात्र अतिशय संथ असे, आणि नक्षीत चूक झाली आहे हे कापड विणून होईपर्यंत नीट दिसत नसे. पहिली प्रतीक्षा ती हीच.

चित्रपटात हीच गोष्ट मराठी माणसाच्या हातून फार लवकर घडली. १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन परतलेल्या दादासाहेब फाळके यांना भांडवलदाराची खात्री पटवायची होती. त्यांनी कुंडीत बी पेरले, समोर कॅमेरा रोवला आणि रोपाची वाढ थोड्या-थोड्या चौकटींत टिपत राहिले. महिन्याभराहून अधिक काळाची वाढ पडद्यावर क्षणभरात उलगडली. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा. त्याआधीचा हा प्रयोग. पुढे १९१५ च्या सुमारास त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली, त्यात काड्या एकेका चौकटीगणिक हलवल्या होत्या. फाळक्यांपाशी यंत्र एकच होते आणि त्यात निवड करण्याजोगे फारसे काही नव्हते. जे यंत्र एक चौकट टिपून थांबू शकते ते ॲनिमेशनला चालते, एवढाच निकष.

यानंतर मोठी उडी १९५६ ची. मुंबईच्या पेडर रोडवरील फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग उभा राहिला. अमेरिकेच्या तांत्रिक साह्य योजनेखाली डिस्नेचे क्लेअर वीक्स शिकवण्यास आले. त्यांचा जन्म भारतातच, मिशनरी घरातला. त्यांच्या मार्गदर्शनाखाली जातककथेवर आधारलेला ‘द बनियन डिअर’ १९५७ मध्ये पूर्ण झाला. तेथे शिकलेल्यांपैकी राम मोहन यांना पुढे भारतीय ॲनिमेशनचे जनक म्हटले गेले.

त्या विभागातील कामाचे गणित समजून घेण्याजोगे आहे. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे दहा मिनिटांच्या चित्रपटाला १४,४०० चौकटी. एक चित्र दोन चौकटी वापरले तरी ७,२०० चित्रे. पेन्सिलीने काढायची, पारदर्शक सेलवर गिरवायची, मागून रंगवायची आणि छताकडून खाली पाहणाऱ्या कॅमेऱ्याखाली एकेक ठेवून टिपायची. हालचाल बरोबर आहे का हे पाहण्यासाठी आधी नुसत्या पेन्सिलचित्रांची चाचणी घेतली जाई. तिची फिल्म प्रयोगशाळेत धुऊन यावी लागे. आज संगणकावर एक कळ दाबून जो पूर्वदृश्याचा तुकडा दिसतो, त्याचे हे मूळ रूप. तेव्हा त्याला एखादा दिवस सहज लागे.

याच परंपरेतून १९७४ मध्ये ‘एक अनेक और एकता’ आला. दिग्दर्शन मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे यांचे, चित्रांकन व ॲनिमेशन भीमसेन यांचे. दूरदर्शनच्या एका पिढीला तो पाठ होता. त्यात संगणक कोठेही नाही. दूरदर्शनचे फिरत-फिरत आकार घेणारे बोधचिन्हदेखील अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत कागदी प्रती कॅमेऱ्याखाली फिरवून टिपलेले आहे. पुष्कळांना ते संगणकाचे काम वाटते. मोशन ग्राफिक्स ही कला संगणकाहून जुनी आहे याचा त्याहून चांगला पुरावा नाही.

संगणक मुंबईत होता, पण तो या कलावंतांच्या वाट्याला आला नव्हता. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला टिफ्रॅक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्याला चित्रनळीचा एक पडदाही जोडलेला होता, म्हणजे तो काही आकृती दाखवू शके. त्याची मुख्य स्मृती मात्र २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. हिशेब केला तर ती जेमतेम १० किलोबाइट भरते. आजच्या साध्या १९२० बाय १०८० च्या एका रंगीत चौकटीला सुमारे ६२ लाख बाइट लागतात. एक चौकट नुसती धरून ठेवायला सहाशेहून अधिक टिफ्रॅक लागले असते.

चित्र हे संगणकाच्या दृष्टीने अवाढव्य ओझे असते, ही गोष्ट येथे पक्की लक्षात ठेवावी लागते. हिशेबाच्या कामाला गणकाची गती लागते. चित्राच्या कामाला गतीच्या आधी जागा लागते.

ती जागा स्वस्त होईपर्यंत १९८० चे दशक उजाडले, आणि भारतात आणखी एक अडसर होता तो सरकारी परवान्यांचा. संगणक आयात करणे म्हणजे अर्ज, परवाना, जबर जकात. नोव्हेंबर १९८४ मध्ये नवे संगणक धोरण जाहीर झाले आणि दार थोडे उघडले. त्याच वर्षी अमेरिकेत एटी अँड टीच्या एका विभागाने, जो पुढे ट्रूव्हिजन म्हणून स्वतंत्र झाला, साध्या पीसीत बसणारे टार्गा नावाचे चित्रपाटी-कार्ड आणले. आयबीएमच्या धंदेवाईक पेटीला त्यामुळे टीव्हीच्या दर्जाचे रंग दाखवता येऊ लागले. ॲनिमेशन करणारे आजही चौकटी ‘टीजीए’ या प्रकारात जतन करतात ते त्या कार्डाचेच आडनाव. फाइलच्या शेपटीत इतिहास असा चिकटून राहतो.

मराठी कलावंताला याच काळात एक जादा कार्ड लागत होते. टीव्हीच्या पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटवायची तर काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरे यांचे गणित पीसीला येत नव्हते. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले आणि १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने पुढे नेलेले जिस्ट तंत्रज्ञान एका कार्डाच्या रूपाने उपलब्ध झाले. ते मदरबोर्डावर बसवले की पीसी भारतीय लिपी दाखवू लागे. म्हणजे मराठी शीर्षकांसाठी यंत्र निवडताना त्यात रिकामी खाच आहे का, हा प्रश्न इंग्रजीत काम करणाऱ्याहून एकदा अधिक विचारावा लागे. पुढे पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीसारख्या फॉन्टांनी हे ओझे कार्डावरून सॉफ्टवेअरवर आणले, तरी व्हिडिओच्या सॉफ्टवेअरात जोडाक्षर फुटण्याची व्यथा बराच काळ राहिली. अनेकांनी अक्षरे दुसऱ्या सॉफ्टवेअरात जुळवून चित्र म्हणून आणण्याची वाट धरली. यंत्रनिवडीच्या जागतिक इतिहासांत या गोष्टीला ओळभर जागा नसते. येथे ती वगळता येत नाही.

चौकट तयार झाली तरी ती टेपवर जायची कशी, हा त्या काळचा दुसरा छळ. पीसीची डिस्क सेकंदाला पंचवीस चित्रे वाचून देण्याइतकी वेगवान नव्हती. म्हणून एक चौकट गणली जाई, टेपयंत्र काही सेकंद मागे जाई, वेग पकडी, नेमक्या ठिकाणी एकच चौकट नोंदवी आणि थांबे. मग पुढची. एका सेकंदासाठी हे २५ वेळा. रात्रभर टेप पुढे-मागे होत राही आणि टेपयंत्राची शीर्षे झिजत. फाळक्यांनी रोपासमोर जे केले त्याचेच हे विद्युत रूप होते.

१९९० च्या दशकात ज्या यंत्राचे नाव आदराने घेतले जाई ते सिलिकॉन ग्राफिक्सचे. जिम क्लार्क यांनी १९८० च्या दशकाच्या प्रारंभी स्थापलेल्या या कंपनीच्या यंत्रांत त्रिमितीय चित्रांचे गणित वेगळ्या चिपांवर होत असे. ‘जुरासिक पार्क’ १९९३ मध्ये आला आणि जगभरच्या स्टुडिओंना हेच यंत्र हवेसे झाले. मुंबईच्या बड्या पोस्ट-प्रॉडक्शन स्टुडिओंतही ते आले, फ्लेमसारख्या महागड्या सॉफ्टवेअरसह. किंमत अनेक लाखांत. जाहिरातीचे दर तासावर आकारले जात, आणि साध्या कलावंताला यंत्रापर्यंत पोहोचण्यासाठी स्टुडिओची नोकरी हाच मार्ग होता.

तेवढ्यात दोन घटना घडल्या. त्यांतूनच आजच्या निवडीचा सगळा पेच जन्मला आहे.

पहिली घटना ‘टॉय स्टोरी’, १९९५. संपूर्ण संगणकावर घडवलेला पहिला लांबीचा चित्रपट. त्यातील पात्रे हलवण्याचे काम कलावंतांनी सिलिकॉन ग्राफिक्सच्या यंत्रांवर केले. अंतिम चौकटी मात्र वेगळ्याच ठिकाणी तयार झाल्या : सन कंपनीच्या ११७ स्पार्कस्टेशन यंत्रांच्या रांगेत. चौकटी १,१४,२४०, एकेक चौकट तयार होण्यास पाऊण तासापासून तीस तासांपर्यंत वेळ. पिक्सारला ठाऊक होते की कलावंताच्या हाताखालचे यंत्र आणि रात्रभर राबणारे यंत्र यांचे गुण निराळे असतात. हाताखालचे यंत्र क्षणात उत्तर देणारे हवे. राबणाऱ्या यंत्राने एक चौकट सावकाश केली तरी चालते, पण अशी यंत्रे पुष्कळ हवीत, कारण एका चौकटीला दुसरीची वाट पाहावी लागत नाही. भिवंडीच्या कारखान्यात एकच कामगार अनेक मागांवर लक्ष ठेवतो. एक माग धागा तुटून थांबला तरी बाकीचे चालूच राहतात. अंतिम चौकटी तयार करणे हे तसे काम. याउलट एकाच मागावरची पुढची फेरी आधीची फेरी झाल्याशिवाय होत नाही. तेथे शेजारी शंभर माग असले तरी उपयोग शून्य.

दुसरी घटना त्यामानाने निःशब्द होती. जानेवारी १९९३ मध्ये अमेरिकेच्या प्रॉव्हिडन्स शहरातील कोसा नावाच्या छोट्या कंपनीने आफ्टर इफेक्ट्स विकायला काढले. वर्षभरात ते आल्डसकडे, मग १९९४ मध्ये अडोबीकडे गेले. प्रारंभी ते फक्त मॅकिन्टॉशवर चाले; विंडोजवर यायला १९९७ उजाडले. लाखोंच्या यंत्रावरील काम टेबलावरच्या पेटीत करता येऊ लागले, अर्थात थांबण्याची तयारी असेल तर. अमिगा संगणक आणि १९९० चा व्हिडिओ टोस्टर यांच्या जोरावर ‘बॅबिलॉन ५’ या मालिकेच्या प्रारंभिक भागातील अवकाशयाने घडली होती, तेव्हा स्वस्त पेटीची ताकद आधीच दिसून गेली होती.

आफ्टर इफेक्ट्ससारख्या सॉफ्टवेअरात पूर्वदृश्य दाखवायचे तर तयार झालेल्या चौकटी स्मृतीत धराव्या लागतात, आणि रॅमचा हिशेब येथूनच सुरू होतो. जुन्या टीव्हीची चौकट ७२० बाय ५७६ बिंदूंची. पारदर्शकतेसह प्रत्येक बिंदूला ४ बाइट, म्हणजे चौकटीला सुमारे साडेसोळा लाख बाइट आणि सेकंदाला चार कोटींहून अधिक. ३२ मेगाबाइट रॅमच्या यंत्रात, सगळी रॅम रिकामी मिळाली तरी, एक सेकंदही मावत नसे. आजची १९२० बाय १०८० ची चौकट ८३ लाख बाइटची. दहा सेकंदांच्या २५० चौकटी म्हणजे सुमारे २ गिगाबाइट. तीच चौकट ३८४० बाय २१६० ची केली तर चौपट, सव्वाआठ गिगाबाइट. रंगांची खोली १६ बिट केली की पुन्हा दुप्पट. दहा सेकंदांच्या तुकड्याला साडेसोळा गिगाबाइट, तेही प्रचालन प्रणाली आणि इतर सॉफ्टवेअर आपापली जागा घेतल्यानंतर. १६ गिगाबाइटच्या यंत्रावर काम ‘अडकते’ अशी तक्रार करणाऱ्याने प्रोसेसर बदलून काही होत नाही, ते यामुळे. हा हिशेब कागदावर पाच मिनिटांत होतो. तो न करता हजारो रुपये खर्च होतात हे नवल आहे.

भारतात या साऱ्याला खरी चालना दिली ती जकातीने. १९९७ मध्ये भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती-तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत संगणकांवरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आले. लॅमिंग्टन रोड, ज्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, येथे सुटे भाग घेऊन जुळवलेल्या यंत्रांचा बाजार फुलला. १९९६ मध्ये ॲप्टेकची अरेना सुरू झाली होती. गल्लोगल्ली ॲनिमेशनचे वर्ग निघाले. मुंबईत प्राइम फोकसची स्थापना १९९७ ची. क्रेस्टने २००० मध्ये अमेरिकेतील रिच ॲनिमेशन स्टुडिओ विकत घेतला, आणि २०१० च्या ‘अल्फा अँड ओमेगा’चे ॲनिमेशन मुंबईत झाले. २००५ चा ‘हनुमान’ तिकीटबारीवर चालला तेव्हा वर्गांपुढच्या रांगा अधिकच वाढल्या. या वर्गांनी किती जणांना खरे काम मिळवून दिले हा स्वतंत्र आणि काहीसा कटू विषय आहे. पण घरात असेम्बल केलेले यंत्र असणारा विद्यार्थी हा प्राणी त्यांनीच जन्माला घातला.

सिलिकॉन ग्राफिक्सचे काय झाले? २००६ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज, २००९ मध्ये पुन्हा एकदा, आणि विक्री. १९९९ मध्ये एनव्हिडियाने जिफोर्स २५६ आणले आणि खेळांसाठी विकल्या जाणाऱ्या कार्डाने त्रिमितीचे गणित स्वतःकडे घेतले. मुले खेळतात म्हणून ज्या चिपा लाखोंनी विकल्या गेल्या त्यांनी व्यावसायिक यंत्रांचा बाजार बुडवला.

घरच्या यंत्राला मात्र एक शत्रू उरला होता, आणि तो भिवंडीला चांगला परिचित होता. २००० च्या दशकात महाराष्ट्र भारनियमनाने गांजला. माग बंद पडला तर धागा जोडून पुढे विणता येते. रात्रभर चाललेली चौकट वीज गेली की पहिल्यापासून करावी लागते. भिवंडीचे वीजवितरण २६ जानेवारी २००७ पासून टोरंट पॉवरकडे फ्रँचायझी म्हणून दिले गेले. देशातील हा अशा स्वरूपाचा पहिला प्रयोग मानला जातो. त्याच्या बऱ्या-वाईटावर भिवंडीत आजही वाद आहेत. यूपीएस मात्र तेव्हापासून येथल्या यादीत जे बसले ते उठले नाही. परदेशी याद्यांत ते क्वचित दिसते. जुन्या काळातील कलावंतांनी संपूर्ण व्हिडिओ एकदम तयार न करता चौकटींची स्वतंत्र चित्रे जतन करण्याची सवय लावून घेतली. वीज गेली तरी झालेल्या चौकटी वाचतात. टार्गाचे ते आडनाव येथे पुन्हा कामी आले.

मग आला गाभ्यांचा मोह. प्रोसेसरची गती वाढेनाशी झाली तेव्हा कंपन्या एका चिपेत दोन, चार, आठ गाभे घालू लागल्या. जीन ॲम्डाल यांनी १९६७ मध्येच दाखवले होते की कामाचा जो भाग वाटून देता येत नाही तोच शेवटी गती ठरवतो. ही गोष्ट आफ्टर इफेक्ट्सच्या वापरकर्त्यांनी मोठी किंमत मोजून शिकली. त्या सॉफ्टवेअरात अनेक चौकटी एकाच वेळी करण्याची जुनी सोय होती. तीत सॉफ्टवेअरच्या अनेक प्रती मागे चालत आणि प्रत्येक प्रत स्वतंत्र रॅम मागे. २०१५ मध्ये ती सोय काढून टाकण्यात आली. नव्या रूपात ती परतली ऑक्टोबर २०२१ मध्ये. मधल्या सहा वर्षांत ज्यांनी मोशन ग्राफिक्ससाठी दोन-दोन झिऑन प्रोसेसरांची वीस-पंचवीस गाभ्यांची यंत्रे घेतली, त्यांना शेजारच्या चार वेगवान गाभ्यांच्या साध्या यंत्राने मागे टाकलेले पाहावे लागले. पैसे रात्री राबणाऱ्या यंत्रावर खर्च झाले होते; प्रतीक्षा मात्र दिवसाची, हाताखालची होती. त्याच यंत्रावर त्रिमितीय अंतिम चौकटी करणारा मात्र समाधानी होता. यंत्र तेच, काम वेगळे.

त्रिमितीचे कामही पुढे ग्राफिक्स कार्डाकडे सरकले. ब्लेंडर हे सॉफ्टवेअर टोन रोसेंदाल यांनी नेदरलँड्समध्ये उभे केले. त्यांची कंपनी बुडाली तेव्हा लोकांनी एक लाख युरो जमवून २००२ मध्ये त्याचा स्रोत मुक्त केला. २०११ मध्ये त्यात सायकल्स आले, जे प्रकाशाचे गणित कार्डावर करू शके. येथे जुन्या टिफ्रॅकचाच धडा नव्या ठिकाणी भेटतो : जागा आधी, गती मागाहून. दृश्यातील आकार आणि पोत कार्डाच्या स्वतःच्या स्मृतीत मावले पाहिजेत. मावले नाहीत तर काम एकतर बंद पडते किंवा रेंगाळते. म्हणून वेगवान पण थोड्या स्मृतीचे कार्ड आणि किंचित मंद पण अधिक स्मृतीचे कार्ड यांत त्रिमितीवाल्याने दुसरे निवडणे बहुधा शहाणपणाचे ठरते. केवळ अक्षरे, आकृत्या आणि चित्रांचे थर हलवणाऱ्याला मात्र महाग कार्डाची तेवढी गरज नसते. त्याने तो पैसा रॅमकडे आणि वेगवान एसएसडीकडे वळवावा. तयार चौकटींचा साठा त्या डिस्कवर उतरतो आणि तेथूनच परत वाचला जातो.

२०२५ च्या मार्चमध्ये ऑस्कर समारंभात मोठमोठ्या स्टुडिओंच्या चित्रपटांना मागे सारून लाटवियाचा ‘फ्लो’ सर्वोत्तम ॲनिमेशनपट ठरला. तो ब्लेंडरमध्ये घडला होता. दिग्दर्शक गिंट्स झिल्बालोदिस यांनी अंतिम चौकटींसाठी यंत्रांची रांग वापरली नाही; त्या स्वतःच्या संगणकावर केल्या, ब्लेंडरच्या ईव्ही या वेगवान पद्धतीने. त्या पद्धतीत प्रकाश अचूक मोजण्याऐवजी अंदाजाने मांडला जातो. चित्र ‘टॉय स्टोरी’च्या वारसांइतके काटेकोर दिसत नाही, आणि दिग्दर्शकाने ते मान्य करूनच शैली ठरवली. दोन्ही प्रतीक्षा त्यांनी एकाच पेटीत बसवल्या त्या पेटीच्या किमतीपेक्षा या तडजोडीमुळे. यंत्र निवडण्याआधी शैली निवडली गेली होती. हे सहसा उलट होते.

आज कशेळीच्या गोदामातून निघणारे खोके निवडणाऱ्यापुढे किमतीचा प्रश्न पुन्हा तीव्र झाला आहे. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या महाकाय केंद्रांनी स्मृतीच्या चिपा उचलल्याने रॅम जगभर महागली. ज्या चिपा खेळणाऱ्या मुलांमुळे स्वस्त झाल्या होत्या त्यांचा भाव आता दुसरेच कोणी ठरवते. अशा वेळी दोन पट्ट्यांची जागा भरून दोन मोकळी ठेवणारा मदरबोर्ड घेणे, हा लॅमिंग्टन रोडवरच्या जुन्या गिऱ्हाइकांचा उपाय पुन्हा उपयोगी पडेल.

यादीत एक वस्तू नेहमी शेवटी येते आणि पैसे संपले म्हणून गळते. ती म्हणजे दुसरी डिस्क, कामाची प्रत ठेवण्यासाठी. १९९८ मध्ये ‘टॉय स्टोरी २’च्या फाइली पिक्सारच्या यंत्रणेतून चुकून पुसल्या गेल्या. कार्यालयातील राखीव प्रती नीट चालत नाहीत हे त्याच वेळी उघड झाले. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन या तंत्रप्रमुखांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती म्हणून. त्या बाळंतपणामुळे घरून काम करत होत्या. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि मूक व प्रारंभिक बोलपटांच्या काळातील कितीतरी रिळे गेली. ‘आगकाड्यांची मौज’ त्याआधीच नाहीशी झालेली होती. काड्या पडद्यावर कशा नाचल्या, हे आज कोणालाही दाखवता येत नाही.